ज्याचं त्यानं इंजिन आणावं

आमच्या ह्यांनी नोकरी सोडली, ती एका माकडावरून.

खरं माकड नव्हतं. एकोणसत्तर सालचा मार्च महिना. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ज्या वर्कशॉपात हे आठ वर्षं लोखंड कातायचा लेथ चालवत होते, तिथं पुण्याहून कुणी बडे पाहुणे कारखाना बघायला आले होते. ह्यांनी नुकताच उतरवलेला शाफ्ट पाहुण्यांनी हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "हे काम कुणाचं?"

मालक गणपतराव म्हणाले, "मशीनचं! मशीन चांगलं असलं की झालं. माकडाला उभं केलं तरी असाच शाफ्ट निघतोय."

पाहुणे हसले. गणपतराव हसले. हेही हसले, कारण मालक हसले की हसायचं, हा कामाचाच भाग होता. मग ह्यांनी हात धुतले, सायकल काढली आणि भर दुपारी घरी येऊन मला म्हणाले, "उद्यापासनं जाणार न्हाई."

"मग करणार काय?"

"आपलंच वर्कशॉप काढतो."

मंडईतनं येताना कोथिंबीर आणतो, असं सांगावं तसं सांगितलं. माझ्या नवऱ्याचं नाव वर्धमान हेरवाडे. दिवसाला पंधरावीस वाक्यं, एवढाच त्यांच्या बोलण्याचा खप. त्यातलं हे एक. मी प्रभावती, त्यांची बायको. उरलेली सगळी वाक्यं माझी.

आम्ही मूळचे कुरुंदवाडचे. घरची शेती, ऊस आणि तंबाखू. विळा-खुरपं सोडलं तर घरात आजवर लोखंडाला कुणी हात लावलेला नव्हता. बातमी कळल्यावर तिसऱ्या दिवशी थोरले भावजी, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ आप्पासो, पहिल्या एस.टी.नं आमच्या दारात हजर.

"वर्धमान, आपण जैन माणसं," ते पाटावर बसत म्हणाले. "मशीन म्हंजे दिवसभर गरागरा फिरणार. किती जीव मरत असतील, ह्याचा इचार केलास का?"

भावजींनी आदल्या दिवशी तंबाखूवर सहा पंप औषध मारलं होतं. हातांना अजून वास येत होता. त्या फवाऱ्यानं मेलेले जीव बहुधा स्वखुशीनं मेले असावेत.

भावजी दोन दिवस राहिले, दोन्ही दिवस समजूत घालत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी जाताना म्हणाले, "बरं, मग उद्‌घाटन कवा ठरवायचं? नारळ मीच फोडणार."

नकार देणाऱ्या माणसाला घाई किती असते बघा.

जागा मिळाली शिवाजी पेठेत. तात्या म्हणून एक निवृत्त हेडक्लार्क होते. त्यांच्या घरामागं पूर्वी टांगा आणि घोडं बांधायची शेड होती. टांगा विकला, घोडं मेलं, शेड राहिली. तात्यांनी हयातभर सरकारी कचेरीत अर्ज वाचले होते, त्यामुळं साधं बोलणंही ते अर्जासारखंच बोलत.

"हेरवाडे, जागा देण्यास माझी ना नाही," ते म्हणाले. "मात्र अटी स्पष्ट असाव्यात. धूर होता कामा नये. तेल सांडता कामा नये. दुपारी एक ते चार माझी विश्रांती असते, तेव्हा माणसांची वर्दळ नको. आणि मुख्य म्हणजे, आवाज होता कामा नये."

"वर्कशॉप हाय तात्या," हे म्हणाले.

"तेच म्हणतो मी. शांतपणे चालवा."

करारावर सही झाली. धूर नसलेलं, तेल नसलेलं, आवाज नसलेलं देशातलं पहिलं वर्कशॉप आमचं. पुढं चार महिने आम्ही तात्यांच्या सगळ्या अटी तंतोतंत पाळल्या, कारण आमच्याकडं मशीनच नव्हतं.

मशीन मिळालं ते इचलकरंजीकडच्या एका बंद पडलेल्या गिरणीत. विलायती लेथ, आठ फुटी, दुसऱ्या लढाईच्या आधीचा. वयानं ह्यांच्यापेक्षा मोठा. गिरणी बंद पडल्यापासून त्यावर कोंबड्या वस्तीला होत्या आणि त्यांनी आपल्या वास्तव्याच्या खुणा जागोजाग सोडल्या होत्या. मला तो भंगाराचा ढीग वाटला. ह्यांनी मात्र त्याच्या लोखंडी पाठीवरनं तळहात फिरवला, खाली वाकून बघितलं, नखानं गंज खरवडला आणि इतके खूष झाले की परतीच्या वाटेवर सलग चार वाक्यं बोलले. मला बघायला आले होते तेव्हा एकच बोलले होते.

बैलगाडीतनं लेथ शिवाजी पेठेत आला आणि आमच्या बोळाच्या तोंडाशी अडकला. गाडी आत जाईना, मागं येईना. पेठ जमली. कोल्हापुरात फुकटचा सल्ला देण्यात आमच्या पेठेचा हात कुणी धरू शकत नाही. एकानं भिंत पाडायला सांगितली. दुसऱ्यानं लेथ कापून न्यायला सांगितला.

शेवटी समोरच्या तालमीतनं बाळासो आला. सकाळी कुस्ती, संध्याकाळी तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, आणि मधल्या वेळात पेठेतली कुठलीही जड वस्तू उचलायचा हक्कदार. त्यानं लेथकडं एखाद्या नव्या पैलवानाकडं बघावं तसं बघितलं.

"वैनी, कुठं ठिवायचं ह्ये?"

"मागच्या शेडमध्ये. पण फार जड आहे हो."

"जड न्हाई. आडमुठं हाय."

बाराजण, चार वासे, दोरखंड आणि भरपूर शिव्या, एवढ्या भांडवलावर आमचा कारखाना अर्ध्या तासात जागेवर बसला. मजुरी विचारली तर बाळासो रागावला. म्हणाला, "मजुरी कसली वैनी? फकस्त आमच्या फुटबॉलचा पंप मोडलाय. त्याची दांडी तेवढी करून द्या. दसऱ्यानंतर मॅच हाय."

पुढचे दोन महिने ह्यांनी लेथ खोलला, रॉकेलनं धुतला, घासला, परत जोडला. पुसायला चिंध्या लागायच्या. माझी दोन जुनी पातळं ह्यात खर्ची पडली. ती जुनी आहेत, हे त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

दसऱ्याला उद्‌घाटन झालं. भावजी कुरुंदवाडहून वीसएक माणसं घेऊन आले. नारळ फोडला आणि मग कुणी विनंती न करता भाषणाला उभे राहिले. 'लोखंड हेच उद्याचं सोनं' असा विषय होता. जीवांचा उल्लेख आला नाही. वीस मिनिटांनी टाळ्या झाल्या आणि मागनं एक म्हातारा ओरडला, "आता फिरवून दावा की!"

इथं एक छोटीशी अडचण होती. वीज नव्हती. अर्ज दिला होता, पण जोडणी आली नव्हती.

ह्यांचे कान लाल झाले. भावजी छताकडं बघू लागले. तेव्हा बाळासो पुढं झाला. वर आढ्याला मोठी पुली बसवली होती, तिचा पट्टा खाली लेथवर येत होता. दुसरा मोकळा पट्टा त्यानं हातात धरला, दोन पोरगेल्या पैलवानांना मागं उभं केलं आणि रस्सीखेच खेळावी तसा ओढायला सुरुवात केली. पुली फिरली. लेथ कुरकुरला आणि फिरला. पंपाची दांडी ह्यांनी तोवर चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, बसवली होती; चटकन हत्यार लावलं आणि पहिला चकाकता कीस वळत वळत खाली पडला.

आमच्या कारखान्यातनं बाहेर पडलेला पहिला माल तो. फुटबॉलात हवा भरायच्या पंपाची दांडी. घाम तिघा पैलवानांचा. भावजींनी ती सगळ्यांना फिरवून दाखवली, जणू आत्ताच त्यांनी ती अंड्यासारखी स्वतः घातली होती.

मग पाहुणे गेले आणि आम्ही विजेची वाट बघू लागलो.

वीज कचेरीतल्या साहेबांनी एकच कागद मागितला होता, जागामालकाचा ना हरकत दाखला. तात्यांना फार आनंद झाला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या लेखणीला काम लागलं होतं. तीन दिवस बसून त्यांनी दाखला लिहिला. अक्षर मोत्यासारखं. 'सदर इसमास वीजजोडणी देण्यास माझी काही एक हरकत नाही, मात्र,' असं लिहून त्याखाली अकरा कलमं होती. भिंतीला भोक पाडू नये. खांब माझ्या तुळशीपासून बारा फुटांच्या आत नसावा. तारेवर पक्षी बसल्यास त्याची जबाबदारी कुणाची, याचा लेखी खुलासा व्हावा.

वीज कचेरीतला कारकून दाखला दोनदा वाचून म्हणाला, "ही ना हरकत आहे का हरकत?"

कागद परत आला. तात्यांनी सुधारून दिला. आता चौदा कलमं झाली.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. हे रोज सकाळी आठला डबा घेऊन शेडवर जायचे आणि सहाला परत यायचे. न फिरणाऱ्या मशीनला तेल द्यायचे. एकदा मी विचारलं, "दिवसभर करता तरी काय?"

"मशीनपाशी असलं पायजे," म्हणाले.

मी थट्टा करते खरी, पण त्या दिवसांत मला हसू येत नव्हतं. सहाला घरी आलेला माणूस हात धुवायचा, आणि हाताला काळं लागलेलं नसायचं. आठ वर्षं मी त्या काळ्या हातांवरनं, साबणावरनं, टॉवेलावरनं कटकट केली होती. आता टॉवेल पांढराशुभ्र राहायचा आणि तो दोरीवर वाळत घालताना मला कसंतरीच व्हायचं.

तेवढ्यात गणपतरावांचा निरोप आला. जागा अजून मोकळी आहे, परत यायचं असेल तर या. निरोप आणणाऱ्याला ह्यांनी चहा पाजला आणि उत्तर दिलं नाही. मी रात्रभर विचार केला आणि ठरवलं की आपण होऊन सांगायचं, जा बाबा परत. दुसऱ्या दिवशी डबा मुद्दाम घरी ठेवून घेतला आणि अकराला स्वतः घेऊन शेडवर गेले. वाटेत वाक्यंही जुळवली होती. फार समजूतदार होती ती. सुदैवानं बोलायची वेळ आली नाही.

शेडच्या दारात बैलगाडी उभी होती. या वेळची बारकी होती, त्यामुळं बोळात मावली होती. गाडीत लोखंडाचा एक जाडजूड रूळ आडवा पडला होता आणि त्याच्याशेजारी कासोट्याचं लुगडं नेसलेली, पन्नाशीची एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"लेथवालं पावणं ह्येच न्हवं?" तिनं ह्यांच्याकडं बोट दाखवून मला विचारलं.

ती बायडाबाई. पंचगंगेपलीकडच्या शिये गावची. नवरा वारल्यावर त्याचं गुऱ्हाळ तीच चालवत होती. ऊस पिळायच्या घाण्याचा रूळ होता तो. त्याचा दांडा एका बाजूला झिजून ओरखडला होता, आणि दांडा ज्यात फिरतो ते जाड कडं, बुश म्हणतात त्याला, फुटून दोन तुकडे झाले होते. नव्या बुशासाठी ओतीव तुकडा तिनं आणला होता. तो आतनं-बाहेरनं मापात कातून द्यायचा होता.

"सा ठिकाणी फिरलो उद्यमनगरात," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका बोलताना बाप्यासारखंच 'आलो-गेलो' म्हणतात. "सुगी हाय, समद्यांकडं रांग लागलीया. चार दीस थांबा म्हणत्यात. ऊस तोडून पडलाय माझा. चार दिसांनी त्याचा गूळ हुतोय व्हय? करतासा का न्हाई, तेवढं सांगा."

ह्यांनी दांड्यावरनं अंगठा फिरवला. डोळे मिटून फिरवला. चेहरा उजळला, आणि लगेच पडला.

"काम हुतंय," ते म्हणाले. "पर करंट न्हाई."

"करंट न्हाई? मग ह्ये एवढं मशीन काय पुजायला ठिवलंय?"

"सध्या तेच चाललंय," मी म्हणाले.

बायडाबाईनं माझ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं, वरच्या पुलीकडं बघितलं. मग म्हणाली, "घाणा बंद हाय म्हंजे माझं इंजिनबी रिकामंच बसलंय. त्ये आणतो की हितं. बसतंय का तुमच्या ह्या पट्ट्याला?"

वीज कचेरीतले साहेब, त्यांचा कारकून, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले तात्या आणि लोखंडाच्या भवितव्यावर वीस मिनिटं बोललेले भावजी, एवढी शहाणी माणसं अडीच महिने आमच्या कारखान्याचा विचार करत होती. बायडाबाईला उभ्याउभ्या सुचलं.

"बसवतो," हे म्हणाले.

दुपारी दोनला तिचं ऑइल इंजिन आलं. बोळातनं आत आणायला बाळासो आणि मंडळी होतीच. त्यांना आता हे घरचं कार्य वाटू लागलं होतं. पट्टा जोडला, टाकीत पाणी भरलं, बाळासोनं हँडल मारलं. इंजिन दोनदा शिंकलं आणि मग टुक् टुक् टुक् करत असं सुरू झालं, की शेडच्या पत्र्यावरची कावळ्यांची सभा एका क्षणात बरखास्त झाली. काळा धूर खिडकीतनं बाहेर पडला आणि सरळ तात्यांच्या माजघरात गेला.

तात्या बनियनवर बाहेर आले. विश्रांतीची वेळ होती.

"हेरवाडे! करारात स्पष्ट लिहिलंय! हा काय प्रकार आहे?"

ह्यांना ऐकू गेलं नाही. मला गेलं, पण न गेल्यासारखं केलं. पुढं झाली ती बायडाबाई.

"ओ पावणं, तुमी गूळ खातासा का न्हाई?"

"खातो. त्याचा इथं काय संबंध?"

"मग गप बसा की."

तीस वर्षं लोकांना उभं करून ठेवलेला तो माणूस. असं कुणी बोललेलं त्याला आठवतही नसेल. ते खरोखरच पायरीवर बसले.

आता इंजिन सांभाळायला माणूस हवा होता. ह्यांचे दोन्ही हात लेथवर. पैलवानांना हँडल मारता येत होतं, पण वेग कमी कर म्हटलं की ते इंजिन बंदच करायचे. शेवटी ह्यांनी मला हाक मारली. इंजिनाचा वेग कमीजास्त करायचा खटका दाखवला. म्हणाले, "एक बोट म्हंजे हळू. दोन बोटं म्हंजे जोरात. मूठ म्हंजे बंद. माझ्या हाताकडं बघत ऱ्हा."

मी पदर खोचला आणि बघत राहिले.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. ह्या माणसाला मी जेवताना, झोपताना, आजारी असताना, चिडलेला असताना बघितलं होतं. काम करताना कधी बघितलं नव्हतं. कुठली बायको बघते? सकाळी डबा जातो आणि संध्याकाळी घामट शर्ट परत येतो, एवढाच नवऱ्याच्या कामाशी आपला संबंध. घरी चहाची कपबशी धडपणे न धरणारा हा माणूस त्या फिरत्या लोखंडापुढं असा उभा होता, की जणू मशीन त्याच्याशी बोलतंय आणि तो ऐकतोय. हत्यार दांड्याला लागलं की आवाज व्हायचा. आवाज जरा बदलला की ह्यांचं एक बोट वर यायचं. मी वेग कमी करायची. परत आवाज सरळ व्हायचा. तासाभरानं तर बोट वर यायच्या आधीच मला कळू लागलं.

आधी दांडा साफ केला. मग बुश धरला. बाहेरनं कातला, आतनं कातला. दर थोड्या वेळानं मशीन थांबवून माप घ्यायचं, पुन्हा केसभर कातायचं. बायडाबाई शेजारी उकिडवी बसून मिश्री लावत होती आणि दर दहा मिनिटांनी "झालं का?" विचारत होती. दिवेलागणीला हे सरळ उभे राहिले. बुश दांड्यावर ठेवला आणि नुसत्या तळहातानं दाबला. तो सरकत सरकत आत गेला आणि बसला. फिरवून बघितला तर लोण्यातनं सुरी जावी तसा फिरला. मधल्या फटीतनं हवासुद्धा परवानगी घेऊनच गेली असती.

मी बायडाबाईच्या तोंडाकडं बघितलं. आता काहीतरी बोलेल.

"लई वेळ लावलासा की," ती म्हणाली, आणि बैल जुंपायला लावले.

त्या दिवशी घरी ह्यांनी हात पुसले आणि टॉवेल काळाकुट्ट झाला. मी काही म्हणाले नाही. माझेही हात काळे झाले होते.

बायडाबाईनं तोंडावर कौतुक केलं नाही, पण नदीपलीकडच्या सगळ्या गुऱ्हाळांत सांगितलं. चार दिवसांनी एक शेतकरी आला, फुटलेला बुश आणि स्वतःचं इंजिन घेऊन. मग दुसरा आला. तिसऱ्यानं इंजिन आणलं ते आमच्या पट्ट्याला बसेना, तर तो थांबून चौथ्याची वाट बघत बसला. जेवायला बोलवावं आणि येताना तांदूळ, डाळ, चूल घेऊन या म्हणावं, तसला आमचा धंदा. बाळासोनं शेडच्या दारावर खडूनं लिहून टाकलं, 'ज्याचं त्यानं इंजिन आणावं.' बोळात रोज एकदोन बैलगाड्या आणि पेठेत दिवसभर टुक् टुक्.

कुरुंदवाडात भावजी सांगत सुटले, की धाकट्याला धंद्यात मीच घातलं. उद्यमनगरात गणपतराव सांगत होते, की मीच शिकवलं. एवढ्या लोकांनी मिळून उभा केलेला माणूस दुपारी एकला इंजिनाच्या पाण्याच्या टाकीशेजारी बसून थंड भाकरी खात होता.

आणि तात्या? तात्यांची वामकुक्षी संपली होती. चौदा दिवस त्यांनी सहन केलं. पंधराव्या दिवशी दौत, टाक आणि कागद घेऊन ओसरीवर बसले आणि आमच्याविरुद्ध अर्ज लिहिला. सात पानी. प्रती नऊ कचेऱ्यांना. अर्जात धुराचं वर्णन होतं, आवाजाचं होतं, बैलांच्या शेणाचं होतं, बायडाबाईचं तर एक स्वतंत्र पान होतं. पण तात्या शेवटी जुने जाणते कारकून. नुसती तक्रार केली तर ती फायलीत पडते, तिच्यासोबत मागणी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळं शेवटी त्यांनी मागणी लिहिली होती. सदर त्रासाचं मूळ कारण वीजजोडणीस झालेला अक्षम्य विलंब हे असून, ती आठ दिवसांत न मिळाल्यास आम्ही सहकुटुंब आपल्या कचेरीच्या व्हरांड्यात दुपारची विश्रांती घेण्यास येऊ.

सोबत नवा ना हरकत दाखला जोडला होता. एका ओळीचा. कलम एकही नाही.

आम्ही अडीच महिने विनंत्या केल्या, हात जोडले, तेव्हा वीज हलली नाही. तक्रार गेली आणि नवव्या दिवशी दारात शिडी लागली. बाळासोला तात्यांचा एवढा आदर वाटला, की त्यानं त्यांना तालमीचे अध्यक्ष व्हा म्हटलं. तात्यांनी विचार करून कळवतो असं सांगितलं. लेखी.

मोटर बसली. तारा जोडल्या. पेठ पुन्हा जमली. ह्यांनी बटण दाबलं आणि लेथ सुरू झाला, उलटा. गर्दीतनं हशा पिकला. तारवाल्यानं शांतपणे दोन तारांची अदलाबदल केली, परत बटण दाबलं आणि लेथ सरळ फिरू लागला. आवाज इतका कमी, की तात्यांच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

सगळे खूष. मी एका कोपऱ्यात उभी. इंजिन नव्हतं, खटका नव्हता, बोटाकडं बघायची गरज नव्हती. एक बटण होतं आणि ते ह्यांच्या हाताशी होतं. मी रिकामा डबा उचलला आणि घरी आले. स्वयंपाक लवकर झाला. टॉवेल धुतला. दुसऱ्या दिवशी दुपारी काय करावं ते सुचेना, म्हणून धुतलेलाच टॉवेल परत धुतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे निघताना दारातच घुटमळले. चप्पल घातली, काढली, परत घातली.

"येत न्हाईस का?" म्हणाले.

"कशाला? आता वीज आली की."

"करंट आलाय. माणूस कुठं आलंय?" एवढं बोलून ते लाजले आणि सायकल पुसू लागले. मग सायकलकडं बघतच म्हणाले, "तुला आवाज कळतोय. आठ वर्षांत उद्यमनगरात चारच माणसं बघितली तसली."

नऊ वर्षांत नवऱ्यानं केलेलं पहिलं कौतुक, आणि तेही सायकलला सांगून.

मी गेले. ह्यांनी आपला जुना खाकी शर्ट मला लुगड्यावरनं घालायला लावला, बाह्या कोपरापर्यंत दुमडायला सांगितल्या, पदर आणि वेणी दोन्ही शर्टाच्या आत. फिरत्या मशीनला कापड सापडलं तर माणूस जातो, हे तीनतीनदा बजावलं. दारातनं बाळासो डोकावला, माझा अवतार बघितला, तोंड उघडलं आणि का कोण जाणे, काही न बोलता मिटलं. पैलवानाला एवढी अक्कल पुष्कळ झाली.

मग ह्यांनी एक बुश चकात धरून दिला, हत्यार लावलं, हँडल माझ्या हातात दिलं आणि बाजूला झाले.

मी फिरवलं. कीस निघाला. इतका सुंदर वळत होता, की मी त्याच्याकडंच बघत राहिले आणि माप निघून गेलं. मशीन थांबवलं, बुश काढला, दांड्यावर घातला. खडखड वाजला. हवाच काय, उंदीरसुद्धा जाऊन आला असता.

आता हे काय म्हणतील म्हणून मी तशीच उभी राहिले. त्यांनी बुश हातात घेतला, अंगठा फिरवला, दाराशेजारच्या भंगाराच्या पेटीत टाकला आणि कपाटातनं दुसरा काढून माझ्यापुढं ठेवला.

"घे," म्हणाले. "मी चहा पिऊन येतो."

आणि खरंच गेले. मी बटण दाबलं.